हेब्बाळच्या खोलीतलं शेवटचं रेकॉर्ड

मंगळवार, १८ फेब्रुवारी. त्या दिवशीचं काम: बेंगळुरातल्या हेब्बाळच्या सर्व्हर रूममध्ये जाऊन आमच्या आयपी पत्त्यांचा चौथा ब्लॉक अजून का हलला नाही ते बघायचं, आणि शुक्रवारपर्यंत तो क्लाउडवर हलवून जुनं रेकॉर्ड काढून टाकायचं.

हे काम काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची कंपनी प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. लहान गावांतल्या हॉस्पिटलांमधली रक्ततपासणीची मशिनं रिपोर्ट तयार करतात, ते आमच्याकडे येतात आणि आम्ही ते डॉक्टरच्या स्क्रीनवर पोचवतो. या मशिनांमध्ये आमचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे नंबर, कुणीतरी कधीकाळी हाताने घालून ठेवलेले आहेत. ते बदलायचे तर गावोगाव माणूस पाठवावा लागेल. म्हणून कंपनीने स्वतःची यंत्रं बंद करून क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या यंत्रांवर, जायचं ठरवलं, तेव्हा पत्ते मात्र आमचेच सोबत न्यायचे असं ठरलं. घर बदलायचं, दारावरचा नंबर तोच ठेवायचा.

इंटरनेटवर कुठला पत्ता कुठे राहतो हे सांगणारा कुणी एक नसतो. प्रत्येक नेटवर्क आपणहून जाहीर करतं की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, आणि बाकीची नेटवर्कं ते मानून चालतात. कुणी खोटं जाहीर करू नये म्हणून पत्त्यांच्या नोंदणी संस्थेकडे एक रेकॉर्ड ठेवायचं असतं: हा ब्लॉक, म्हणजे पत्त्यांचा हा गठ्ठा, जाहीर करायचा अधिकार फक्त या नेटवर्कला. रेकॉर्डशी जे जुळत नाही ते जगातली बरीच नेटवर्कं फेकून देतात. बरीच, सगळी नाहीत.

ब्लॉक हलवताना क्रम महत्त्वाचा. आधी क्लाउडच्या नावाने नवं रेकॉर्ड करायचं आणि जुनं तसंच राहू द्यायचं. दोन्ही काही काळ शेजारी शेजारी नांदतात. मग क्लाउडकडून ब्लॉक जाहीर होऊ द्यायचा, आपल्याकडून मागे घ्यायचा, आणि सगळं नीट चाललंय याची खात्री झाली की शेवटी जुनं रेकॉर्ड काढायचं. आधी काढलंत तर आपलीच खोली जगाच्या नजरेत खोटारडी ठरते.

या कामाचा आमच्याकडे एक नियम होता आणि एक रीत होती. नियम असा की रेकॉर्डला एकट्याने हात लावायचा नाही, दोघांनी बसून लावायचा. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. रीत अशी की आकडे मराठीत वाचायचे. फोनवर, एसीच्या आवाजात, इंग्रजीतलं फिफ्टीन आणि फिफ्टी एकसारखंच ऐकू येतं. पंधरा आणि पन्नासमध्ये कुणाचा घोळ होत नाही. ही रीत अण्णांनी पाडली. बाकीचं सगळं ऑफिस हिंदी-इंग्रजीत चालायचं, ही एक गोष्ट मराठीत.

अण्णा म्हणजे हेब्बाळची खोली सांभाळणारे आमचे सीनियर इंजिनिअर. साठीला टेकलेले. त्यांचं घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. मी सांगलीची, लग्न होऊन इकडे आले आणि सर्जापूर रोडला राहते, म्हणून मला ते 'नवी मराठीण' म्हणायचे. माझे केस पांढरे झाले तरी नवीच. वयाने मी लहान, पण हाक मात्र अक्का. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, आकड्यांत तेवढे आम्ही दोघं शुद्ध.

गणपतीनंतर त्यांच्या बायकोला कॅन्सर निघाला. उपचार कंपनीच्या ग्रुप विम्यावर चालले होते. हा विमा नोकरीला चिकटलेला असतो. नोकरी सुटली की त्याच दिवशी विमा सुटतो, आणि आजारी माणसाला नव्याने विमा कुणी देत नाही. अण्णांची नोकरी हेब्बाळच्या खोलीला चिकटलेली होती. खोली बंद झाली की त्यांची जागा रद्द होणार, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

पहिले तीन ब्लॉक दसऱ्याच्या आत हलले. चौथा दिवाळीपासून अडकून पडला होता. अण्णांचं दर आठवड्याला एकच उत्तर: एक हॉस्पिटल राहिलंय, त्यांची जोडणी आपल्या खोलीतल्या पेटीशी बांधलेली आहे, त्यांचा माणूस समोर असल्याशिवाय ती हलवता येत नाही आणि तो माणूस वेळ देत नाही. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. हॉस्पिटलवाले वेळ देत नाहीतच.

आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्यापेक्षा बराच लहान. रुजू झाला त्याच आठवड्यात म्हणाला होता, "मॅम, मला अहो-जाहो नका करू, मला वाटतं मागे बाबा उभे आहेत." त्याने शुक्रवार ठरवला आणि मला हेब्बाळला पाठवलं.

हेब्बाळची आमची खोली एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. पूर्वी तिथे रॅकच्या चार रांगा होत्या. मी गेले तेव्हा जमिनीवर रॅकचे चौकोनी डाग तेवढे राहिले होते आणि भिंतीजवळ एक रॅक चालू होता. एसी मात्र चारही रांगांसाठी लावला होता तेवढाच गार होता. अण्णा स्वेटर घालून बसले होते.

"या की अक्का. फोन करून यायचं नाही? कॉफी तरी सांगून ठेवली असती."

"कॉफी नंतर. चौथा ब्लॉक दाखवा."

"तो कुठं पळून जातोय. स्वल्प बसा आधी. त्या पुणेकराने पाठवलं?"

"त्याने शुक्रवार सांगितलाय."

"कुठला शुक्रवार ते सांगितलं नाही ना?" असं म्हणून ते हसले. मीही हसले. मग खुर्ची ओढून राउटरच्या स्क्रीनसमोर बसले.

अण्णा म्हणाले, "तुम्ही कशाला, मी काढून देतो तुम्हाला काय पाहिजे ते." मी म्हटलं, मला एवढंच बघायचंय की हॉस्पिटलकडून रिपोर्ट दिवसाच्या कुठल्या वेळी कमी येतात, म्हणजे ती वेळ हलवायला धरू. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

रिपोर्ट येत होते. थोड्या थोड्या वेळाने एक, सकाळपासून तसेच, कालही तसेच, रविवारीही तसेच. लॅब रविवारी एवढी चालत नाही. म्हणून मी ते कुठून येतात ते बघितलं. ते बाहेरून येतच नव्हते. याच रॅकच्या खालच्या फळीवर एक लहानशी पेटी होती, तिच्यातून निघत होते आणि वरच्या फळीवरच्या पेटीत जात होते. हातभर अंतर. मी एक रिपोर्ट उघडला, मग दुसरा, मग तिसरा. एकाच बाईचा एकच रिपोर्ट होता, वय चोपन्न, पांढऱ्या पेशी खूपच कमी.

"अण्णा, हॉस्पिटल कुठाय?"

ते उभेच होते. "दिवाळीत गेलं की. त्यांनी मशीनच नवं घेतलं. ते सरळ क्लाउडला बोलतंय."

"आणि हा रिपोर्ट कुणाचा?"

"घरातला. नमुना पाहिजे होता. हाताशी होता तो घातला, नाव काढून."

मी स्क्रीन बंद केली. वहिनींना मी ओळखत होते. दर दिवाळीला त्या माझ्यासाठी चिरोटे पाठवायच्या, स्टीलच्या डब्यातून, आणि डबा परत आला नाही तर अण्णांना बोलणी बसायची. या दिवाळीला डबा आला नव्हता.

"उगादीपर्यंत," अण्णा म्हणाले. उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा, सव्वा महिन्यावर आलेला. "शेवटचा डोस उगादीनंतर लगेच आहे. तो झाला की मी स्वतः प्लग काढतो, तुम्हाला सांगायलाही लावत नाही. कुणाचं काय बिघडतंय, सांगा. एक ब्लॉक. त्याच्यामागं कुणी नाही."

"कुणी नाही हेच तर बिघडलंय. ही फसवणूक धरतील. पकडले गेलात तर नोटीसही देणार नाहीत. त्याच दिवशी बाहेर, आणि विमाही त्याच दिवशी."

"पकडणार कोण? बघायला येणाऱ्या तुम्हीच."

"आले ना मी."

"आलात," ते म्हणाले. मी म्हटलं, मला उद्यापर्यंत वेळ द्या, उद्या सांगते. "सरी, ठीक," म्हणाले, आणि मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आले. रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीसही त्यांनीच केली, नेहमीसारखी.

हेब्बाळहून कोरमंगलाच्या ऑफिसला पोचेपर्यंत उन्हं उतरली. रस्त्यात माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते काही उदात्त नव्हतं. जाहीर करण्याला मुदत नसते, एक ब्लॉक उगादीपर्यंत राहिला तर खरंच कुणाचं बिघडत नाही. पण चौथ्या ब्लॉकबद्दल आता मला माहीत होतं, आणि शुक्रवारी मला विचारणार होते. गप्प राहायचं तर मीही खोटं लिहायचं. लिहिणार का मी? फाटकाशी उतरेपर्यंत माझं उत्तर 'बहुतेक हो' असं होतं. एवढंच नोंदवून ठेवते.

मॅनेजर माझ्या टेबलापाशी उभा होता. "मॅम, दोन मिनिटं. इथे नको."

आम्ही मीटिंग रूममध्ये गेलो. त्याने दार लावलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. दुपारी जेवण झाल्यावर त्याने नोंदणीच्या पोर्टलवर लॉगिन केलं होतं, आणि चौथ्या ब्लॉकचं जुनं रेकॉर्ड काढून टाकलं होतं.

"का?"

"मला वाटलं डुप्लिकेट आहे. एकाच ब्लॉकची दोन रेकॉर्डं. क्लाउडचं नवं आहे, मग जुनं कशाला? म्हटलं तुम्ही येईपर्यंत एक काम कमी करून ठेवू."

"कुणी वाचलं?"

"हं?"

"काढताना समोर बसून कुणी वाचलं?"

"एकटाच होतो मी."

त्याने काढलं आणि इथूनच तपासलं. ऑफिसमधून सगळं हिरवं दिसलं. दिसणारच. आमच्या ऑफिसला लाइन देणारी कंपनी ही रेकॉर्डं तपासतच नाही, जे जाहीर होईल ते मानते. तो निवांत चहा प्यायला गेला. चहा पिता पिता सहज मोबाइलवरून बघितलं तर ब्लॉक गायब. मोबाइल कंपनी तपासते. मग त्याने मित्राला मुंबईहून बघायला सांगितलं, तिथूनही गायब. नव्या रेकॉर्डनुसार तो ब्लॉक जाहीर करायचा अधिकार आता फक्त क्लाउडला होता, आणि जाहीर करत होती हेब्बाळची खोली. निम्म्या जगाने तिला खोटी ठरवून फेकून दिलं होतं. रेकॉर्डने आपलं काम चोख केलं होतं.

"मॅम, ते हॉस्पिटल दुपारपासून बंद आहे," तो म्हणाला. "रक्ताचे रिपोर्ट जात नाहीयेत. आयसीयूमध्ये कुणी असेल, कुणाला रक्त चढवायचं असेल. कुणाला काही झालं तर?"

"आधी रेकॉर्ड परत लाव. बस. मी वाचते, तू टाइप कर."

तिथे कुणी नाही हे मला माहीत होतं. तरी रेकॉर्ड आधी लावायला घेतलं, कारण काय बोलायचं ते ठरवायला तेवढा वेळ मिळत होता. मी सवयीने मराठीत वाचायला लागले. तिसऱ्या आकड्याला तो थांबला.

"मॅम, एकोणनव्वद म्हणजे?"

"पुण्याचा ना रे तू?"

"इंग्लिश मीडियम. सॉरी. एटी नाइन की सेव्हंटी नाइन?"

"एटी नाइन." उरलेले आकडे मी इंग्रजीत वाचले, प्रत्येक दोनदा. त्याने रेकॉर्ड जतन केलं.

"कधी दिसायला लागेल?"

"सगळीकडे पोचायला तास-दोन तास जातील."

तो पाणी प्यायला. मग खिशातून मोबाइल काढला. "मी हॉस्पिटलला फोन करतो. लॅबचा नंबर सेल्सकडून घेतलाय. चूक माझी आहे, माफी मीच मागायला पाहिजे. आणि त्यांना विचारतो, दुपारपासूनचे कुठले रिपोर्ट अडकलेत, आपण हाताने पाठवू."

तो वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. वाईट मॅनेजरने रेकॉर्ड परत लावून विषय मिटवला असता, मला 'कुणाला बोलू नका' म्हटलं असतं, आणि चौथा ब्लॉक उगादीपर्यंत आरामात राहिला असता. उलट तो आता घाबरला होता, त्यामुळे शुक्रवारचं नावही पुन्हा काढलं नसतं. फक्त मी गप्प बसायचं होतं. पण तो फोन लावणार होता. समोरून लॅबवाला म्हणणार होता की आमचं सगळं व्यवस्थित चालू आहे, आम्ही दिवाळीतच बदललं, तुम्ही कशाबद्दल बोलताय. आणि मग अण्णांच्या बाजूने बोलायला कुणालाच जागा राहिली नसती. ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

"फोन ठेव," मी म्हटलं. "तिथे कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

मी सांगितलं. खालच्या फळीवरची पेटी, वरच्या फळीवरची पेटी, एकच रिपोर्ट. रिपोर्ट कुणाचा तेही सांगितलं. उगादीचंही सांगितलं.

त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा: "म्हणजे कुणाला काही झालं नाही?"

"नाही."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते बाजूला केले तेव्हा चेहरा बदललेला होता. "दिवाळीपासून? मॅम, मी दर आठवड्याला वरच्या मीटिंगमध्ये सांगतोय, हॉस्पिटल वेळ देत नाही म्हणून. माझ्या तोंडाने. मूर्ख बनवलं मला."

"बनवलं."

"एचआरला सांगायला लागेल. हे लपवता येणार नाही."

"सांग. मग हेही सांग की रेकॉर्डला दोघांनी हात लावायचा नियम तू मोडलास, आणि मागे खरंच हॉस्पिटल असतं तर ते आज बंद पडलं असतं."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"दोन्ही गोष्टी आजच्या आहेत. सांगायच्या तर दोन्ही सांगू, मी स्वतः येते तुझ्याबरोबर. नाहीतर दुसरं काहीतरी करू."

"दुसरं काय?"

"अण्णा उद्या राजीनामा देतील. स्वतःहून. नोटीस दोन महिन्यांची असते, ती पूर्ण करतील. नोंदणी संस्थेकडे आपल्या कंपनीचा संपर्क म्हणून अजून त्यांचंच नाव आहे, ते बदलून घ्यायला तेवढे दिवस लागतीलच. ते काम तू लिहून दे, म्हणजे एचआर त्यांना लगेच घरी पाठवणार नाही. यात एक अक्षरही खोटं नाही. उगादी नोटीसमध्ये येते."

"आणि ते हॉस्पिटल?"

"हललं असं लिही. हललंच आहे."

"कधी हललं विचारलं तर?"

"विचारलं तर सांग."

तो खिडकीतून खाली बघत राहिला. खाली पेइंग गेस्ट राहणारी मुलं पाणीपुरीच्या गाडीभोवती उभी होती. "स्वतः सोडलं तर जागा रद्द झाल्यावर कंपनी जी भरपाई देते ती त्यांना मिळणार नाही, माहितेय ना?"

"माहितेय."

"ते तयार आहेत?"

"त्यांना अजून विचारलेलं नाही."

"तुम्ही ना, माझ्या आईसारख्या बोलता," तो म्हणाला. त्यात कौतुक नव्हतं. "ठीक आहे. पण उद्या सकाळी ब्लॉक बंद झाला पाहिजे आणि रेकॉर्ड निघालं पाहिजे. आणि तुम्ही दोघांनी बसून काढा. मी हात लावत नाही."

मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून अण्णांना फोन केला. मागे कुठल्यातरी कन्नड मालिकेचा आवाज होता, तो त्यांनी कमी केला. मी जे झालं ते क्रमाने सांगितलं.

"तुम्ही सांगितलंत," अण्णा म्हणाले.

"तो हॉस्पिटलला फोन लावत होता, अण्णा."

"लावू द्यायचा होता की. या वेळेला लॅबमध्ये कोण उचलतंय."

"सकाळी उचलला असता."

"सकाळपर्यंत मी काहीतरी बघितलं असतं."

"काय बघितलं असतं?"

आतून वहिनींचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून. अण्णा त्यांना म्हणाले, ऑफिसचा. एरवी ते माझं नाव घ्यायचे आणि वहिनी तिकडूनच काहीतरी ओरडून सांगायच्या.

"राजीनामा माझ्याच हाताने द्यायचा म्हणता."

"हो. काढलं तर त्याच दिवशी विमा बंद. नोटीसमध्ये चालू राहतो. मी पॉलिसी वाचली आहे."

"वाचलीच असणार तुम्ही," ते म्हणाले. मग, जसं ते बाहेरच्या माणसांशी बोलत तसं, इंग्रजीत, "ओके मॅडम. टुमॉरो मॉर्निंग," आणि फोन ठेवला.

हे सगळं नीट पार पडेल याची खात्री मला तेव्हाही नव्हती. कंपनीच्या मनात आलं तर नोटीस कापता येते, मधेच हिशेब करून माणसाला मोकळं करता येतं. मॅनेजरने लिहिलेलं वरच्यांनी मानलं तर ठीक, नाही मानलं तर मी जे केलं त्याने अण्णांचे पाच-सहा आठवडे गेले आणि हातात काही आलं नाही. मी न बोलते तर ते आठवडे मिळाले असते का? फोन लागला नसता तर मिळाले असते. हा विचार मी घरी जाईपर्यंत केला आणि मग सोडून दिला. त्यातून पुढचं काम निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून थेट हेब्बाळला गेले. अण्णा आधीच आले होते. स्वेटर नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता. राजीनामा त्यांनी पहाटेच पाठवला होता, मला त्याची प्रत आली होती, दोन ओळींची. मी "झोप झाली का" असं काही विचारलं नाही.

आधी खालच्या फळीवरची पेटी बंद केली. रिपोर्ट येणं थांबलं. मग क्लाउडकडून ब्लॉक जाहीर करायला लावला, तो बाहेर दिसायला लागल्यावर खोलीच्या राउटरवरून मागे घेतला. ऑफिसमधून, मोबाइलवरून, बाहेरच्या दोन ठिकाणांहून तपासलं. सगळीकडे ब्लॉक क्लाउडकडेच दिसत होता. मग पोर्टल उघडलं, आणि मी कीबोर्डवर हात ठेवून थांबले.

अण्णा वाचायला लागले. इंग्रजीत. एकेक आकडा, सावकाश, शाळेत शुद्धलेखन घालावं तसा. एटी नाइन आला. मी टाइप केला.

"डिलीट?" मी विचारलं.

"कन्फर्म, मॅडम."

मी दाबलं. नऊ-दहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून जपलेलं रेकॉर्ड होतं ते, जायला क्षणही लागला नाही. मी राउटरची केबल काढली, तिच्या टोकाला टोपी लावली, गुंडाळी करून रॅकवर ठेवली.

मग एक काम उरलं होतं. नोटीस कापली जायच्या आत राहिलेल्या सगळ्या डोसांची विम्याकडून मंजुरी मागून ठेवायची होती. एकदा मंजुरी हातात आली की तिला धरून भांडता येतं. मी अण्णांकडे हॉस्पिटलचे कागद मागितले. त्यांनी ते बॅगेत आणलेच होते. विमा कंपनीचं पोर्टल मी माझ्या लॅपटॉपवर उघडलं आणि पॉलिसी नंबर वाचा म्हटलं.

तोही त्यांनी इंग्रजीतच वाचला. मधे एके ठिकाणी फिफ्टीन की फिफ्टी ते मला कळलं नाही. मी दोनदा विचारून घेतलं आणि मग सबमिट केलं.